रेंज नाही, डेटा नाही, अपडेट कसं करू?

(सदर: विचारा तर खरं)

मागच्या अंकात बँकेच्या अॅपबद्दल लिहिताना शेवटी "फोन आणि लॅपटॉप अपडेट ठेवा" अशी एक ओळ होती. त्या ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी अख्ख्या लेखावर आली नाहीत. सगळ्यांचा सूर एकच: सांगायला काय जातं, आमच्याकडे रेंज गावणा नाय त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न: आमचं घर विजयदुर्गच्या अलीकडे, खाडीकाठी. फायबर नाही. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालवतो, दिवसाला दीड जीबी मिळतो. बागेचा हिशेब, पेट्यांची बिलं आणि मुलाशी व्हिडिओ कॉल, एवढंच काम. विंडोजचं अपडेट सुरू झालं की दुपारपर्यंत डेटा खलास. मध्येच लाइट गेली की पुन्हा शून्यापासून. ओळखीच्या एका मुलाने अपडेट कायमचं बंद करून दिलं, तेव्हापासून शांतता आहे. हे ठीक ना?
— आंबा बागायतदार, देवगड तालुका

उत्तर: काका, ठीक नाही. त्या मुलाला मी बोल लावणार नाही. माझ्या राजापूरच्या दुकानातही सारखं कुणीतरी येऊन सांगतं, "ताई, ते अपडेट तेवढं मारून टाका." मी नाही म्हटलं की बाजारात पुढे अजून दुकानं आहेतच.

अपडेट म्हणजे बहुतेकदा प्रोग्रॅममधल्या चोरवाटेची, म्हणजे भोकाची, दुरुस्ती. ती जाहीर झाली की चोरांच्याही हाती पडते. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून ते काय बदललं ते बघतात, आणि भोक नेमकं कुठे होतं ते त्यांना कळतं. त्यामुळे ज्याने अपडेट घेतलं नाही त्याचं मशीन अपडेट आल्यानंतर आधीपेक्षा जास्त उघडं पडतं. मशीन लॉक करून खंडणी मागणाऱ्या २०१७ सालच्या वॉनाक्राय व्हायरसचं तेच झालं. मायक्रोसॉफ्टने त्या भोकाची दुरुस्ती १४ मार्चला दिली होती आणि वॉनाक्राय सुटला १२ मेला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ती बसवली नाही त्यांची मशीनं दीडशेच्या आसपास देशांत लॉक झाली, इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यासाठी कुणाला कुठल्या लिंकवर बोट ठेवावं लागत नव्हतं. एका मशीनमधून दुसऱ्यात तो आपला आपण शिरत होता.

आता डेटाचं गणित करू. एक एमबीपीएस वेग मिळाला तर तासाला साधारण साडेचारशे एमबी उतरतात, अर्धा मिळाला तर सव्वादोनशे. विंडोजचं महिन्याचं अपडेट बहुतेक वेळा काही शे एमबींचं असतं, वर्षाकाठी येणारं मोठं काही जीबींचं. पहिलं तुमच्या हॉटस्पॉटवर एक-दोन रात्रींत बसतं. दुसऱ्याच्या नादाला हॉटस्पॉटवर लागू नका, त्याची वाट वेगळी आहे.

महिन्याच्या अपडेटसाठी असं करा. बंद केलेलं अपडेट त्या मुलाकडूनच पुन्हा चालू करून घ्या. मग लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कवर जा, तुमच्या हॉटस्पॉटचं नाव निवडा आणि "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. विंडोजला कळतं की इथे डेटा मोजून मिळतो, मग ते तुम्हाला न विचारता मोठं काही ओढत नाही. दिवसभर बिलं करा, मुलाशी बोला. नवं अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे तेव्हा रात्र उशिराची असते. त्या आठवड्यात एखाद्या रात्री, दिवसाचा डेटा बराच उरला असेल तेव्हा, विंडोज अपडेटमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने डाउनलोडचं बटण दाबा. उरलेला डेटा बारा वाजले की तसाही फुकट जातो आणि नवा सुरू होतो, म्हणजे अकराला बसलात तर दोन दिवसांचा वाटा एका बैठकीत वापरता येतो.

शून्यापासून सुरू होतं म्हणता, ते बहुतेक वेळा खरं नसतं. विंडोजचं डाउनलोड तुटलं तर तुटल्या जागेपासून पुढे चालतं, ही सोय एक्सपीच्या काळापासून आहे. घोटाळा टक्क्यांचा आहे. आधी उतरवण्याचे टक्के दिसतात, ते शंभरावर गेले की बसवण्याचे पुन्हा शून्यापासून. लाइट जाण्याची खरी धास्ती या दुसऱ्या भागात बाळगायची. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असल्याशिवाय रीस्टार्ट करू नका, आणि जूनच्या पहिल्या वळवात, बाहेर गडगडत असताना तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडेल. विंडोज १० पासून महिन्याच्या अपडेटमध्ये मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्या सामावलेल्या असतात. हंगामात फेब्रुवारी ते मे बघायला फुरसत झाली नाही तर चार अपडेटं थकत नाहीत, शेवटचं एक घेतलं की झालं. थकबाकी नाही म्हणून चार महिने थांबा असं मात्र मी म्हणत नाही.

मोठ्या अपडेटची वाट पेनड्राइव्हची. ज्यांच्याकडे चांगली लाइन आहे, म्हणजे जामसंड्याला कुणी नातेवाईक किंवा मुंबईचा मुलगा, त्यांच्याकडून फाइल उतरवून आणायची. वर्षाच्या मोठ्या अपडेटची फाइल मायक्रोसॉफ्टच्या विंडोज डाउनलोडच्या पानावर मिळते. महिन्याचंही असंच आणायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच अपडेट कॅटलॉग या साइटवर त्याचा केबी क्रमांक, म्हणजे अपडेटच्या नावात 'KB' पुढे असतो तो आकडा, टाकला की फाइल मिळते. आपलं विंडोज कितवं आणि कुठल्या आवृत्तीचं ते आधी कागदावर लिहून द्या, नाहीतर भलतीच फाइल येते. कॅटलॉगमधली फाइल अख्खी असल्याने आकाराने मोठी दिसेल. मशीन स्वतः ओढतं तेव्हा फक्त लागणारे तुकडे घेतं.

दुसऱ्याच्या हातून आलेल्या फाइलवर विश्वास कसा ठेवायचा, असं तुम्ही विचारालच. कॅटलॉगच्या फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते आणि बसवण्याआधी विंडोज ती तपासतं. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरून वाशीला विकता येतो, पेटीला ते कळत नाही. या सहीचं तसं नाही, आतला एक बाइट बदलला तरी सही जुळत नाही आणि फाइल परत केली जाते. मग ती एसटीतून आली की बोटीतून, काही फरक पडत नाही.

लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर आणखी एक बघा. त्याची फुकट अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती मशीनसाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेटं घेण्याची सोय ठेवलेली आहे. नाव नोंदवलंय का तपासा, नाहीतर वरचं सगळं करूनही हाती काही येणार नाही.

प्रश्न: मी निवास-न्याहारी चालवते. प्ले स्टोअरमध्ये शंभराच्या वर अपडेटं बाकी दिसतात. "ऑटो अपडेट" चालू आहे असं फोन म्हणतो, मग होत का नाही? रेंज फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात येते. सगळी करायची तर महिना जाईल.
— मालवण तालुका

उत्तर: ताई, प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे तुमचा फोटो आहे, त्यावर दाबा, सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्कच्या पसंतीत बघा. तिथे "फक्त वायफायवर" असं निवडलेलं सापडेल. तुमच्याकडे वायफाय नाही, म्हणून ऑटो अपडेट "चालू" असूनही जन्मात होणार नाही. ज्याने हे ठरवलं त्याच्या घरी वायफाय होतं, एवढाच याचा अर्थ. कोकणात मी बघते त्या जुन्या फोनांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं, आणि मालकाला वाटतं फोन बिघडला.

ते बदलून "कुठल्याही नेटवर्कवर" करू नका मात्र. पाहुण्यांचं यूपीआय यायच्या वेळेला डेटा संपलेला असेल. शंभर अपडेटं करायचीच नाहीत. आधी न वापरलेली अॅपं काढा. कुणाच्या तरी मुलाने टाकलेले गेम, तीन-तीन टॉर्च, फोटोला फुलं लावणारी. जे अॅप फोनमध्ये नाही त्याचं भोकही नाही. मग उरलेल्यांपैकी ही हाताने, याच क्रमाने करा: क्रोम, अँड्रॉइड सिस्टिम वेबव्यू, व्हॉट्सअॅप, बँकेचं आणि यूपीआयचं अॅप, ज्यावर बुकिंग येतं ते अॅप. बाकीची महिनाभर थांबली तरी चालतात.

वेबव्यू हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्याचं चित्र उघडायला गेलात तर काही उघडतही नाही. पण दुसऱ्या अॅपच्या पोटात वेबपान दिसतं तेव्हा ते दाखवणारं हेच असतं, म्हणून एक वेबव्यू सुधारलं की त्याच्यावर चालणारी अनेक अॅपं सुधारतात. आणि व्हॉट्सअॅप एवढं वर का? २०१९ च्या मे महिन्यात त्याच्या कॉलमधलं एक भोक बुजवलं गेलं. त्या भोकातून हेरगिरीचं सॉफ्टवेअर नुसत्या कॉलने फोनमध्ये घालता येत होतं, तो कॉल उचलायचीही गरज नव्हती. "मी अनोळखी लिंक उघडत नाही" हे तुमचं शहाणपण अशा वेळी कामाला येत नाही.

आकड्यांना घाबरू नका. प्ले स्टोअर बहुतेकदा अख्खं अॅप पाठवत नाही, तुमच्या फोनमध्ये आहे त्यातला आणि नव्यातला फरक पाठवतं. २०१६ च्या डिसेंबरात गूगलने ही फरक काढायची रीत सुधारली तेव्हा अपडेटं सरासरीने अख्ख्या अॅपपेक्षा ६५ टक्के लहान होतात असं सांगितलं होतं. वेळ पहाटेची धरा, त्या कोपऱ्यात फोन ठेवून चहा टाका. दुपारी सगळं गाव एकाच टॉवरवर असतं.

अॅपं झाली की खुद्द फोनचं बघा. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत अँड्रॉइड आवृत्तीवर दाबलं की "सुरक्षा अपडेट" म्हणून एक तारीख दिसते. ती दोन-अडीच वर्षांपूर्वीची असेल आणि नवं काही येतच नसेल तर कंपनीने तो फोन सोडलेला आहे. त्या फोनवर गाणी ऐका, पैसे दुसऱ्यावर घ्या. तारखेच्या खाली "गूगल प्ले सिस्टिम अपडेट" ही वेगळी ओळ असते. अँड्रॉइड १० पासून आतले काही भाग कंपनीची वाट न बघता गूगल तिथून थेट सुधारतं. त्यावर दाबून बघायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न: डेटा वाचवायला आमच्याकडे एक जण अॅप अपडेट करतो आणि त्याची फाइल बंदरावरच्या ग्रुपवर टाकतो. बाकीचे तीच बसवतात. चालेल ना?
— हर्णै

उत्तर: कल्पना चांगली, रस्ता वाईट. पेनड्राइव्हने विंडोजचं अपडेट न्या म्हणणारी मी इथे नाही का म्हणते ते नीट बघा. अँड्रॉइडही सही तपासतं, पण कशाशी ताडून? फोनमध्ये आधीपासून असलेल्या अॅपच्या सहीशी. तुमच्या फोनमध्ये खरं अॅप असेल आणि त्याच्यावर खोट्या सहीची फाइल बसवायला गेलात तर फोन नकार देतो. पण जे अॅप फोनमध्ये नाहीच, त्याला ताडून बघायला काही नसतं. कुणाचीही सही चालते. म्हणून चोर तुम्हाला अपडेट पाठवतच नाहीत, नवीनच काहीतरी पाठवतात: लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, शेतकरी योजनेची यादी. नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर नवं काही बसवायची फाइल. त्यात बसलेलं अॅप तुमचे एसएमएस वाचतं आणि ओटीपी परस्पर निघून जातो.

ग्रुपवर एपीके उघडायची सवय एकदा लागली की खरं-खोटं कोण बघत बसणार? सवयच नको. आणि "जुनं काढा, मग हे बसवा" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा, कारण जुनं काढलं की सही ताडायची सोय गेली. कुणी आधीच फसलं असेल तर फोनचा डेटा बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवा, पैसे पुढे सरकायच्या आत.

प्रश्न: मी कुडाळला शिकतो. मच्छीमार सोसायटीसाठी आम्ही मित्र एक अॅप करतोय. वापरणारे सगळे टू-जी, थ्री-जीच्या टोकावरचे. त्यांच्यापर्यंत सुरक्षेची अपडेटं पोचावीत म्हणून आम्ही काय करावं?
— विद्यार्थी

उत्तर: अशी पत्रं आली की बरं वाटतं. करणाऱ्यांनी विचारायचा प्रश्न नेहमी वापरणाऱ्यांच्या गळ्यात पडतो.

फरक पाठवायची विद्या जुनी आहे. कॉलिन पर्सिव्हल या प्रोग्रॅमरने २००३ साली बीएसडिफ लिहिलं, ते दोन फाइलींतला फरक काढून तेवढाच दाबून देतं. पण प्रोग्रॅमच्या फाइलीत एक गोम असते. मध्ये एक ओळ घातली की तिच्या पुढचं सगळं थोडं सरकतं आणि जिथे जिथे त्या जागांचे पत्ते लिहिलेले असतात ते सगळे आकडे बदलतात. तुम्ही बदललं एकच, फाइलीत बदललेलं दिसतं हजार ठिकाणी. २००९ साली क्रोमच्या लोकांनी कूर्जेट आणलं. ते आधी फाइल उकलून पत्त्यांच्या जागी नावं घालतं, मग फरक काढतं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मला तोंडपाठ आहे: अख्खं अपडेट १,०३,८५,९२० बाइट, बीएसडिफने ७,०४,५१२, कूर्जेटने ७८,८४८. दहा एमबीचं काम ऐंशी केबीच्या आत. खाडीच्या मुखाशी, बोटीवर, टू-जी वेगाला ऐंशी केबीचं जाईल आणि दहा एमबीचं कधीच जाणार नाही.

प्ले स्टोअरवर ठेवलंत तर फरकाचं काम ते करतं. तुमच्या हातात राहतं ते अॅप लहान ठेवणं आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर माझा खरा राग आहे: सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सजावट एकत्र बांधू नका. वापरणाऱ्याला भोक बुजवायचं असतं आणि त्याच्या माथी नवे रंग, नवं मुखपृष्ठ, चार व्हिडिओ मारले जातात. पुढच्या वेळी तो अपडेट टाळतो आणि दोष त्यालाच मिळतो. दुरुस्ती वेगळी, लहान आणि लगेच सोडा, सजावट नारळी पौर्णिमेला सोडा, नाहीतरी तोवर बोटी किनाऱ्याला असतात.

तुमचा स्वतःचा सर्व्हर असेल तर तुटलेलं डाउनलोड पुढून सुरू करता येईल असा ठेवा आणि वाट बघायची मुदत भरपूर द्या. तीस सेकंदांत उत्तर नाही म्हणून सोडून देणारा प्रोग्रॅम इथे रोज हरेल. डाउनलोडच्या आधी आकार दाखवा. वेग मुद्दाम कमी करून तपासा, ही सोय डेव्हलपरांच्या साधनांत असतेच. नाहीतर वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाऊन बसा, ते जास्त शिकवेल.

प्रश्न: शाळेत दहा संगणक, लाइन एक. दहाही एकाच वेळी अपडेट ओढतात आणि ऑनलाइन माहिती भरायच्या दिवशीच सगळं ठप्प.
— शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर: बाई, एकाने आणायचं आणि नऊजणांनी त्याच्याकडून घ्यायचं. विंडोज १० आणि ११ मध्ये अपडेटच्या प्रगत पर्यायांत "डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन" आहे. ते चालू करा आणि "माझ्या स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं" एवढंच निवडा. इंटरनेटवरचेही निवडलेत तर तुमची मशीनं परक्यांना तुकडे वाटत बसतील. दहाही मशीनं एकाच स्थानिक नेटवर्कवर हवीत, केबलने जोडलेली असली तर उत्तम. तिथेच डाउनलोडच्या वेगाला मर्यादाही घालता येते, शाळेच्या वेळात ती घाला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक मशीन आधी अपडेट करा, मग बाकीची चालू करा.

विंडोजऐवजी उबंटू, म्हणजे फुकट मिळणारं लिनक्स, असेल तर काम आणखी सोपं. एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी हा प्रोग्रॅम बसवला की तो उतरलेली पॅकेजं, म्हणजे अपडेटच्या फाइली, साठवून बाकीच्यांना देतो. हल्ली बहुतेक साइटी कुलूपबंद एचटीटीपीएसवर गेल्याने मधल्या मशीनला प्रत ठेवता येत नाही. उबंटूची आणि ते ज्यावर उभं आहे त्या डेबियनची पॅकेजांची भांडारं मात्र अजून साध्या एचटीटीपीवरही मिळतात, कारण खात्री वाटेची नसते, पॅकेजांच्या यादीवरच्या सहीची असते. लाइन अगदीच नसेल तर एपीटी-ऑफलाइन आहे: शाळेतल्या मशीनवर यादी काढायची, ती पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला जायचं, पॅकेजं भरून आणायची. उबंटूवाले २००५ ते २०११ पर्यंत मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवत. कोकणातल्या कितीतरी जणांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते पोस्टमनच्या हातात.

पेनड्राइव्ह अपडेटसाठी वेगळाच ठेवा, त्यावर प्रश्नपत्रिका नकोत. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस अजून झेरॉक्सच्या दुकानांतून फिरतो आहे.

प्रश्न: आई-बाबा दापोलीजवळ, मी ठाण्याला. वर्षातून गणपती आणि शिमग्याला जाणं होतं. तेव्हा त्यांचे फोन अपडेट करीन म्हणते, पण तेव्हाच नेट सगळ्यात वाईट असतं.
— एक चाकरमानी

उत्तर: असणारच. ज्या टॉवरवर एरवी वाडीतली माणसं असतात त्यावर गणपतीत निम्मं ठाणे येऊन बसतं. लॅपटॉपच्या फाइली ठाण्यातूनच उतरवून न्या. फोनची अपडेटं आरतीच्या वेळी नको, जागरण संपून गाव झोपलं की लावा, आणि फोन चार्जिंगला ठेवा. मधल्या महिन्यांत बाबा बँकेच्या कामाला दापोलीत जातातच, तिथे वायफाय असलेल्या ओळखीच्या घरी तासभर फोन ठेवायला सांगा. वायफाय दिसलं की "फक्त वायफायवर" लावलेलं ऑटो अपडेट आपणहून कामाला लागतं, एवढं एक सुख त्या सेटिंगचं आहे.

नवा फोन घेऊन देणार असाल तर कॅमेरा किती मेगापिक्सेल हे दुकानदार सांगेलच. तुम्ही विचारा, सुरक्षेची अपडेटं किती वर्षं. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगल आणि २०२४ च्या एस२४ पासून सॅमसंग आपल्या महागड्या फोनांना सात वर्षं देतात. स्वस्त फोनांत हा आकडा बहुतेकदा खाली येतो आणि खोक्यावर छापलेला नसतो. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं नाव घालून बघा, मगच पैसे द्या.